‘ब्रेक लागत नाही’ : डोंगरी सायकलीच्या ब्रेकची निवड

डोंगरी सायकलीचा इतिहास ज्या उतारापासून सांगण्याची प्रथा आहे, त्या उताराचे नावच मुळी ब्रेकवरून पडलेले आहे. कॅलिफोर्नियातील मॅरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर खाली उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी तेथे जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक पॅडल उलटे दाबले असता मागच्या हबमध्ये लागे. उतार संपेपर्यंत हब इतके तापे की आतील ग्रीसचा धूर होऊन जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात. तेच त्या रस्त्याचे नाव झाले.

ब्रेकविषयीचे मूलतत्त्व या नावात साठविलेले आहे. ब्रेक गती नाहीशी करीत नाही. तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. स्वार व सायकल मिळून ९० किलोग्रॅम वजन ४०० मीटर खाली आले, तर सुमारे साडेतीन लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. २० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी उकळीस आणण्यास जवळजवळ इतकीच ऊर्जा लागते. हवेचा व टायरांचा विरोध तिच्यातील काही वाटा उचलतो. उरलेला भार दोन पातळ चकत्या आणि त्यांना चिमटीत धरणारे चार लहान पॅड यांवर पडतो. म्हणून ब्रेकची निवड करताना ‘जोर किती’ या प्रश्नाइतकाच ‘उष्णता जाणार कोठे’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

नवा ब्रेक घेऊ इच्छिणारा स्वार बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘ब्रेक लागत नाही.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. निदानाच्या दृष्टीने मात्र ते संदिग्ध होय. ‘लागणे’ हे क्रियापद केवळ फळ सांगते, कारण सांगत नाही. हाताची बोटे, लिव्हर, नळीतील द्रव, पॅड, चकती, टायर आणि जमीन अशी एक साखळी आहे. तिच्यातील कोणताही दुवा निसटला, तरी वाक्य तेच राहते. त्याचे निदान चार अर्थ वेगळे करावयास हवेत.

पहिला अर्थ : ब्रेक थंड असतानाही पकड कमी पडते. ब्रेक पूर्वी उत्तम लागत असेल आणि आता किंचाळत असेल, तर पॅडांना तेल लागल्याचा संशय घ्यावा. पॅड नवे असतील, तर मध्यम वेगावरून वीस-तीस वेळा गती कमी करून त्यांचा थर चकतीवर बसवावा लागतो. ही दोन्ही कारणे नसतील, तरच ब्रेकचे सामर्थ्य मुळात अपुरे आहे असे म्हणता येईल.

दुसरा अर्थ : आरंभी ब्रेक चांगला लागतो, दीर्घ उतारावर लिव्हर घट्ट राहते, पण पकड क्षीण होत जाते. येथे पॅड तापून त्यांचे घर्षण घटलेले असते.

तिसरा अर्थ : लिव्हर हँडलपर्यंत येऊन टेकते. हे नेहमीच होत असेल, तर नळीत हवा शिरली असण्याचा संभव मोठा. केवळ तापल्यावर होत असेल, तर द्रव उकळत असावा. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. सबब हाताचा जोर पॅडांपर्यंत पोहोचतच नाही.

चौथा अर्थ : चाक थांबते, पण सायकल घसरत पुढे जाते. येथे ब्रेक लागलेला आहे. लागत नाही तो टायर. अशा स्वाराने अधिक जोरदार ब्रेक बसविल्यास चाक अधिक लवकर अडकेल, एवढेच. त्याला हवा आहे तो चांगला टायर आणि बोटाच्या दाबाप्रमाणे क्रमाक्रमाने लागणारा ब्रेक.

अर्थनिश्चय झाल्यावर उपायांचा क्रम सहज लागतो. सर्वांत स्वस्त बदल पॅडांचा. राळयुक्त पॅड थंड असताना चांगली पकड घेतात व आवाज कमी करतात, परंतु चिखलपाण्यात लवकर झिजतात. धातूची पूड भाजून केलेले पॅड उष्णता अधिक सोसतात व टिकतात, तथापि आवाज करतात. काही चकत्या केवळ राळयुक्त पॅडांसाठीच बनविलेल्या असतात. तसे चकतीवर लिहिलेलेही असते.

त्यानंतर चकती. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीऐवजी १८० मिलिमीटरची घेतल्यास त्याच दाबाला एक अष्टमांश अधिक आघूर्ण मिळते. २०३ मिलिमीटरची घेतल्यास पावपटीहून थोडे अधिक. शिवाय धातू वाढल्याने उष्णता सामावून घेण्याची शक्तीही वाढते. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकतो, म्हणून मोठी चकती प्रथम पुढे बसवावी. मात्र पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, किती मोठी चकती पेलू शकतो याची मर्यादा त्याच्या निर्मात्याने घालून दिलेली असते. ती ओलांडू नये. दोनाऐवजी चार पिस्टनांचा कॅलिपर हा यापुढचा उपाय. वजनदार स्वार व दीर्घ, तीव्र उतार यांसाठी तो योग्य. सपाटीवर त्याचे वजन तेवढे वाहावे लागते.

द्रवाच्या बाबतीत मात्र नावेच फसवितात. काही ब्रेकांत खनिज तेल असते, काहींत ‘डॉट’ वर्गातील द्रव. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस असावा, असे प्रमाण आहे. म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. कोकणासारख्या दमट हवेत याचा विसर पडू देऊ नये. डॉट ४ व डॉट ५.१ हे एकाच जातीचे आहेत. त्यांच्या मध्ये बसणारा डॉट ५ मात्र सिलिकोनचा असून सर्वस्वी भिन्न आहे. आकड्यांवरून नाते जुळविणारा येथे चुकतो. कंपनीच्या नावावर विसंबणेही सुरक्षित नाही : वर्षानुवर्षे डॉट वापरणाऱ्या स्रॅमने २०२४ मधील मेव्हन ब्रेकसाठी खनिज तेल स्वीकारले. चुकीच्या द्रवाने आतील रबरी कड्या बिघडतात आणि ब्रेक निकामी होतो. लिव्हरवर अथवा पुस्तिकेत जो द्रव लिहिला असेल, तोच प्रमाण मानावा.

एतावता, उत्तम ब्रेक म्हणजे सर्वांत महाग ब्रेक नव्हे. नेमक्या तक्रारीला दिलेले नेमके उत्तर होय. नळीत हवा असता मोठी चकती बसविणारा स्वार पैसे खर्चून तोच धोका घेऊन उताराला लागतो, आणि आता आपला ब्रेक लागेल असा विश्वास मात्र त्याच्या ठायी पूर्वीहून अधिक असतो.