हुमणीचा हिरवा वैरी

कोल्हापूर, सांगली, सातारा आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसकऱ्यांना जिची सर्वांत अधिक धास्ती, ती हुमणी जमिनीच्या पोटात राहून मुळांवर उपजीविका करते. वळवाच्या सरींनंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेस मातीतून बाहेर पडून बाभूळ, कडुनिंब आणि बोर यांवर जमतात, मिलनानंतर माद्या जमिनीत अंडी घालतात, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात पूर्ण वाढीस आलेली अळी मुळे कुरतडू लागली, की उसाचे बेट पिवळे पडून वाळते व ओढताच उपटून हाती येते. वरून फवारलेले विष तिच्यापर्यंत पोहोचणे दुर्घट; म्हणूनच मातीतच वास करणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीला, मेटारायझियमला, या कामी योजण्याची तजवीज झाली.

या बुरशीचा शास्त्रीय परिचय १८७९ साली ओडेसा येथे झाला. पुढे १९०८ साली ज्यांना नोबेल पारितोषिक लाभले, त्या इल्या मेच्निकोव्ह यांना गव्हाचा विध्वंस करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या रोगग्रस्त अळ्यांत ती आढळली, आणि कृत्रिम रीतीने वाढवून ती किडीवर सोडता येईल, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८८४ मध्ये युक्रेनमधील स्मेला येथे क्रासिल्शचिक यांनी तिचे बीजाणू निर्माण करणारा लहानसा कारखाना काढला. चार महिन्यांत तयार झालेले ५५ किलो बीजाणू शर्कराकंदावरील सोंड्यांच्या निर्मूलनासाठी उपयोगात आले. पुढे रासायनिक विषांच्या झटपट परिणामापुढे ही विद्या मागे पडली खरी. परंतु ब्राझीलच्या ऊसमळ्यांत आणि आफ्रिकेतील टोळधाडींवर तिच्या जातभाईंनी आपली उपयुक्तता पुन्हा सिद्ध केली.

तिची कार्यपद्धती विलक्षण आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू अळीने खाल्ल्यावाचून मारक ठरत नाही. मेटारायझियमचा बीजाणू मात्र अळीच्या त्वचेस नुसता चिकटला तरी पुरे. पुरेशी आर्द्रता मिळताच तो अंकुरतो, विकरांच्या साहाय्याने आणि दाबाच्या बळाने कठीण त्वचा भेदून आत शिरतो, अळीच्या शरीरद्रवात पसरतो, आणि अळी मेल्यानंतर तिच्या ताठरलेल्या देहावर हिरव्या बीजाणूंचा थर चढवून पुढील संसर्गाची सोय करतो.

प्रयोगशाळेत या बुरशीची निर्मिती तांदळासारख्या धान्यावर होते. धान्य भिजवून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून, थंड झाल्यावर त्यात शुद्ध संवर्धन मिसळतात. सुमारे दोन आठवड्यांत दाणा अन् दाणा हिरवा होतो. या मुदतीत परक्या बुरशीचा शिरकाव झाला, तर सारा घाणा फेकून द्यावा लागतो. पुण्यानजीक मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने अशा मित्रबुरशींच्या मिश्रणाचे उत्पादन करून ते ऊसकऱ्यांच्या हाती दिले आहे. हेक्टरी सुमारे २० किलो बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, अळ्या कोवळ्या आहेत तोवरच द्यावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे.

बुरशी शेतापर्यंत जिवंत पोहोचण्यातच या साधनाच्या यशाचे रहस्य आहे. रासायनिक औषधाची बाटली उन्हात राहिली, तरी विष सहसा विषच राहते. बुरशीची पिशवी पत्र्याच्या गोदामात तापली, की तिच्यातील प्राण जातो आणि शेतकऱ्याच्या हाती निव्वळ भुकटी उरते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये अशा उत्पादनांची नोंदणी आवश्यक असून, मेटारायझियमच्या ग्रॅममागे किमान १० कोटी सजीव एकके असावीत, असे प्रमाण आहे. परंतु हे प्रमाण कारखान्याच्या दारात पाळले जाऊन भागत नाही. ते शेताच्या बांधापर्यंत टिकले पाहिजे.

म्हणून सूक्ष्मजीवी कीडनाशकांचा वाढता प्रसार केवळ विक्रीच्या आकड्यांवरून मोजणे अपुरे होय. विक्रेत्याने पिशव्या थंड जागी ठेवाव्यात, शेतकऱ्याने निर्मितीची तारीख व मुदत पाहूनच खरेदी करावी आणि बुरशीनाशकाचा संपर्क टाळावा. एका शेतातील भुंगेरे शेजारच्या शेतात अंडी घालतात. तेव्हा झाडांवरील भुंगेरे गोळा करण्यापासून बुरशी देण्यापर्यंतचा सारा बंदोबस्त गावाने एकजुटीने केला पाहिजे. ज्या गावाला हे साधेल, तेथे बुरशीचे काम एका हंगामावर थांबणार नाही; मेलेल्या अळ्यांवर वाढून ती पुढील पिढीचीही वाट अडवील, आणि जमिनीत वारंवार विष कालवण्याची गरज क्रमाक्रमाने घटेल.