टाकीखालची टाकी
खाऱ्या पाण्याच्या छोट्या मत्स्यपेटीसाठी घरगुती सम्प आणि रेफ्युजियम

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र दाराशीच लाभला होता. कसारा मार्गावरील वाशिंदच्या हौशी मत्स्यपालकाचे तसे नाही. गाव भातसेच्या काठी वसलेले. जवळचे खारे पाणी म्हणजे ठाण्या-वसईच्या खाड्यांचे, आणि ते सांडपाण्यामुळे पेटीत घालण्याच्या योग्यतेचे राहिलेले नाही. क्लाउनफिशची जोडी क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत घालून लोकलने आणता येते. तिच्यासाठी लागणारा समुद्र मात्र विकतच्या सागरी मिठातून घरीच तयार करावा लागतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे दोनशे लिटरला सात किलोंहून अधिक मीठ. स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी घटक पुरेसे नसतात. एवढ्या कष्टाने केलेले पाणी वारंवार फेकून देणे परवडत नाही. म्हणूनच पेटीखाली दुसरी टाकी ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

या दुसऱ्या टाकीला सम्प म्हणतात (कामगारांचा नव्हे, इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीला जे नाव आहे, तेच). वरच्या पेटीतील पाणी काठाजवळच्या सांडव्यावरून नळीवाटे खाली उतरते, काचेच्या आडव्या पट्ट्यांनी केलेल्या तीन कप्प्यांतून फिरते आणि शेवटच्या कप्प्यातील पंप ते पुन्हा वर चढवतो. पहिल्या कप्प्यात गाळणीचा कापूस व स्किमर, मधल्यात वनस्पती, तिसऱ्यात पंप. रचना सोपी दिसते. मात्र वाशिंदसारख्या ठिकाणी, जेथे पहिल्या वादळी पावसासरशी वीज जाते, तेथे सम्पचा विचार पंप चालू असतानाचा नव्हे, तर तो बंद पडतो त्या क्षणापासून सुरू करावा लागतो.

उदाहरणादाखल 90 सेंमी लांब, 40 रुंद आणि 45 उंच अशी पेटी घेऊ. तिच्यात काठोकाठ 162 लिटर पाणी मावते आणि पातळी एक सेंटिमीटर उतरली की 3.6 लिटर पाणी खाली येते. वीज गेली की पंपाची नळीच उलटी सायफन बनते. तिचे तोंड उघडे पडून हवा आत शिरेपर्यंत पाणी ओढले जाते. तोंड पृष्ठभागाखाली तीन सेंटिमीटर असेल, तर नळ्यांतील दोनेक लिटर धरून सुमारे 13 लिटर पाणी खाली उतरेल. हौसेने ते तोंड बारा सेंटिमीटर खोल ठेवले, तर हाच आकडा 45 लिटरवर जातो. खालची टाकी 60 बाय 30 बाय 35 सेंमीची आणि कप्प्यांच्या पट्ट्या 22 सेंमी उंच असतील, तर वरची मोकळी जागा तेवीस लिटरांच्या आसपास भरते. पहिल्या परिस्थितीत काहीही बिघडत नाही. दुसऱ्या परिस्थितीत अठरा-वीस लिटर खारे पाणी फरशीवर, आणि फरशीवरून बहुधा विजेच्या बोर्डाकडे. नळीला पाण्याच्या पातळीलगत लहान छिद्र पाडण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो चांगला आहे, परंतु शेवाळ व क्षार साचून ते छिद्र बुजते. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो नळीच्या उंचीवर.

उलट अपघातही संभवतो. सांडव्याच्या दातांत गोगलगाय अडकली, तर पंप आपला कप्पा रिकामा होईपर्यंत पाणी वर चढवत राहतो. पंपाचा कप्पा 20 बाय 30 सेंमीचा व त्यात पाणी 18 सेंमी असेल, तर 10.8 लिटर पाणी वर जाऊन पेटीची पातळी तीन सेंटिमीटर वाढते. तेवढी जागा वर मोकळी हवी. म्हणजे हा कप्पा लहान असावा. पण फार लहानही नको, कारण बाष्पीभवनाची घट केवळ याच कप्प्यात दिसते. दिवसाला दोन लिटर पाणी उडाले, तर येथील पातळी तीन सेंटिमीटरहून अधिक उतरते. घर बंद करून तीन-चार दिवस गावी गेलेल्या कुटुंबाचा पंप कोरडा पडतो तो असा. भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण मीठ उडून जात नाही.

मधला कप्पा म्हणजे रेफ्युजियम, अर्थात आश्रयस्थान. माशांपासून सुरक्षित अशा या जागेत सूक्ष्म कवचधारी जीव वाढतात आणि शैवाल पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. शैवालाने प्रवाळपेट्या शुद्ध राखण्याचे प्रयोग अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अडे यांनी केले, तेव्हापासून ही कल्पना रुजली. केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे किटोमॉर्फा हे शैवाल यासाठी उत्तम. कौलर्पाही झपाट्याने वाढते, मात्र ते कधी कधी बीजपेशी सोडून एकाएकी विरघळते, पाणी दुधाळ होते आणि शोषलेले सारे परत पाण्यात येते. वाढलेले शैवाल दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकावे. न काढल्यास टाकाऊ द्रव्ये पेटीबाहेर जातच नाहीत. या कप्प्याचा दिवा रात्री लावतात, म्हणजे वरची पेटी अंधारात असताना वाढणारा कर्बवायू येथे शोषला जातो आणि पाण्याची आम्लता स्थिर राहते.

रात्री वीज गेली की मात्र हेच शैवाल प्राणवायू वापरू लागते. मे महिन्यातील तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. बॅटरीवरचा हवेचा पंप म्हणूनच चैनीची वस्तू ठरत नाही.

साहित्याबाबत दोन गोष्टी. घरच्या कूलरचा पंप येथे वापरू नये; त्याचे धातूचे भाग गंजतात, आणि तांबे तर कोळंबी-खेकड्यांना विषच. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलेच घ्यावे आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये. प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणणे हा गुन्हा आहे. सिरॅमिकचे तुकडे तेच काम करतात.

मीठ घालण्यापूर्वी सर्व जोडणी साध्या पाण्यावर चालवून पाहावी. पंप सुरू असताना प्लग काढावा, खालची पातळी कुठवर चढते ते पाहावे, पुन्हा प्लग लावून पंप आपणहून सुरू होतो का तेही तपासावे. चालू स्थितीतील पाण्याची रेघ मार्करने काचेवर आखून ठेवावी आणि घरातील प्रत्येकाला दाखवावी.