'फुल स्क्वाट' म्हणजे नक्की किती खाली?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी अगदी ऐटीत लिहिलं होतं, 'फुल स्क्वाट करणारा गट आणि हाफ स्क्वाट करणारा गट यांची तुलना केली जाईल.' माझ्या गाईडनी 'फुल' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "फुल म्हणजे किती?" मी म्हटलं, "सर, पूर्ण खाली." "पूर्ण म्हणजे?" पुढे मला काही सुचेना. घरी येऊन वाचायला लागलो, तेव्हा कळलं की या एका प्रश्नावर हा विषय साठ वर्षं अडखळतोय.

आधी थोडी ओळख. स्क्वाट म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक. आपल्या तालमीतले पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात, पण वजनाशिवाय. इथे मात्र बारवर शंभर, दीडशे, दोनशे किलोसुद्धा असतात. आणि फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, अंगावर धावून जाण्याचा. तिथल्या कॉलेज संघांमध्ये पूर्वी वजनं उचलण्याची भीतीच होती. खेळाडू जड होतो, मंद होतो, असा समज. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एपली या पोल व्हॉल्ट करणाऱ्या तरुणाला फुटबॉल संघाच्या ताकदीच्या सरावासाठी नेमलं. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ राष्ट्रीय विजेता ठरला. श्रेय सगळं स्क्वाटचं नव्हे हे उघड आहे, पण त्यानंतर बाकीच्या कॉलेजांनीही असे प्रशिक्षक नेमायला सुरुवात केली, आणि स्क्वाट रॅक प्रत्येक वेटरूमच्या मध्यभागी आला.

त्याच्या आठ वर्षं आधी मात्र स्क्वाटवर एक शिक्का बसला होता. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी १९६१ मध्ये लिहिलं की खोल बैठकीने गुडघ्याची लिगामेंट सैल पडतात. त्यांनी स्वतः बनवलेल्या उपकरणाने वेटलिफ्टर आणि वजनं न उचलणारे यांचे गुडघे तपासले होते. सल्ला असा, की वजनं उचला, पण अर्ध्यावर थांबा. पुढच्याच वर्षी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने ही गोष्ट घरोघर पोचवली. 'गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका, खाली जाऊ नका' असं अजूनही जिममध्ये कानावर पडतं, त्यामागे या काळातली भीती बरीच आहे.

आता संशोधक म्हणून बघा. त्या उपकरणात गुडघ्यावर बाजूने जोर देणारा हात तपासणाऱ्याचा होता. किती जोर द्यायचा हे तोच ठरवणार. समोर बसलेला लिफ्टर आहे की साधा विद्यार्थी, हे त्याला माहीत असेल, तर हात नकळत जास्त दाबणार नाही कशावरून? आणि तुलना दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांची. सरावाआधी त्यांचे गुडघे कसे होते, हे कुणी पाहिलेलं नाही. १९८९ मध्ये चँडलर, विल्सन आणि स्टोन यांनी हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. आठ आठवडे सराव, सरावाआधी आणि नंतर मापन, आणि मोजायला यंत्र. फुल असो वा हाफ, गुडघा सैल झाल्याचं दिसलं नाही. त्यांचा आठ आठवड्यांचा निकाल म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

भीतीचा प्रश्न बाजूला झाला की खरा प्रश्न येतो. उडी आणि धाव कशाने सुधारते? इथे दोन पेपर शेजारी ठेवून वाचा, मजा येते. २०१२ मध्ये जर्मनीतल्या हार्टमान आणि सहकाऱ्यांनी ५९ जणांना दहा आठवडे सराव दिला. खोल बैठक मारणाऱ्यांची उभी उडी वाढली, क्वार्टर स्क्वाटवाल्यांची लक्षणीय वाढली नाही. २०१६ मध्ये ऱ्ही आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले २८ कॉलेज खेळाडू घेतले, तीन गट, सोळा आठवडे. मोजमापात उडी आणि ४० यार्डांची, म्हणजे साधारण ३६.६ मीटरची धाव होती. फुटबॉलमध्ये हीच धाव खेळाडूची किंमत ठरवते. इथे मात्र सगळ्यात जास्त फायदा क्वार्टर स्क्वाटला!

मग खरं कुणाचं? मला वाटतं, दोन्ही खरे असू शकतात. दुसऱ्या पेपरातले खेळाडू आधीच बरेच तयार होते. ज्याची मुळातली ताकद कमी, त्याला खोल बैठक सगळंच देते. ज्याची ताकद तयार आहे, त्याला उडीच्या वेळी गुडघा जितका वाकतो त्या कोनात भारी वजन लागत असावं. आणि त्याच पेपरात क्वार्टर आणि फुल गट आपापल्या खोलीवर इतरांपेक्षा जास्त बळकट झाले. म्हणजे ताकदीची चाचणी कुठल्या खोलीवर घ्यायची, हे ठरवतानाच तुम्ही अर्धा निकाल ठरवून टाकता. शिवाय २८ जणांचे तीन गट म्हणजे एका गटात नऊ-दहा माणसं. एखाद-दुसऱ्याचा दिवस वाईट गेला तरी सरासरी हलते.

आणखी एक गुंता आहे, जो मला बराच उशिरा दिसला. क्वार्टर स्क्वाटमध्ये माणूस फुलपेक्षा कितीतरी जास्त वजन पेलतो. दोन्ही गटांना आपापल्या कमाल वजनाच्या ८० टक्के दिले, तर क्वार्टर गटाच्या पाठीवर बार खूप जड. दोघांना सारखं वजन दिलं, तर क्वार्टर गटाला ते खेळणं. फरक आला तर तो खोलीचा की वजनाचा? यातून पूर्ण सुटका नाही. निवड करा आणि का केली ते लिहा.

आता अंशांचा सापळा. काही पेपर गुडघा किती वाकला ते मोजतात, म्हणजे सरळ पाय शून्य अंश. काही पेपर मांडी आणि पोटरीमधला आतला कोन मोजतात, म्हणजे सरळ पाय १८० अंश. त्यामुळे '१२० अंश' ही एका पेपरात खोल बैठक असते आणि दुसऱ्यात जेमतेम क्वार्टर. मी एका तक्त्यात असे दोन पेपर एकाच रकान्यात टाकले होते. आठवडाभर मला कळेना की निकाल उलटे का येतायत.

म्हणून तुमच्या प्रस्तावातली कार्यात्मक व्याख्या अशी असावी की दुसऱ्या शहरातल्या माणसाला फोन न करता तीच बैठक मोजता येईल. ऱ्ही यांच्या पेपरात क्वार्टर ५५ ते ६५ अंश, हाफ ८५ ते ९५, फुल ११० पेक्षा जास्त असं स्पष्ट दिलंय. पॉवरलिफ्टिंगचे पंच अंश बघतच नाहीत. खुब्याच्या सांध्याजवळ मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला की बैठक मान्य. दोन्ही चालतील, मिसळ चालणार नाही. कॅमेरा बाजूने लावा, खुब्याच्या उंचीवर. वरून घेतलेल्या व्हिडिओत तीच बैठक वेगळी दिसते. खुबा, गुडघा आणि घोटा यांवर खूण चिकटवा. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजा आणि आकडे किती जुळतात ते कळवा. आणि फक्त पहिली बैठक मोजू नका. पाचव्या-सहाव्या बैठकीला पाय थकतात आणि बार हळूच वर थांबायला लागतो, खेळाडूच्याही लक्षात येत नाही. भिंतीवर विक्रमांचा फळा असेल तर विचारूच नका.

कुणी म्हणेल, एवढा कीस काढायचा कशाला? त्या कॉलेज खेळाडूच्या बाजूने बघा. त्याच्या हातात मोजके हंगाम, त्यातही जड सरावाचे महिने थोडे. प्रशिक्षक तुमचा निष्कर्ष वाचून त्याचे सोळा आठवडे ठरवणार, आणि तुमचा 'फुल' त्याच्या वेटरूममधला 'फुल' असेलच असं नाही.

माझं ते वाक्य शेवटी साडेतीन ओळींचं झालं. गाईडनी त्यावर परत पेन्सिल फिरवली, या वेळी 'तुलना' या शब्दाभोवती. त्याबद्दल पुढच्या लेखात.