कॉर्निया बदलल्यावर पुढे काय?

‘नेत्रदान श्रेष्ठदान’ हे वाक्य आपण रिक्षामागे, भिंतींवर आणि दवाखान्यात इतक्यांदा पाहिलंय की आता ते वाचलंच जात नाही. पण दान केलेल्या डोळ्याचं नेमकं होतं काय? बऱ्याच जणांना वाटतं, अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात. तसं नाही मित्रांनो! डोळ्यामागची ऑप्टिक नर्व्ह म्हणजे सुमारे दहा-बारा लाख तंतूंची केबल. ती तुटली की जोडता येत नाही. बदलतात तो फक्त कॉर्निया, म्हणजे पारपटल.

कॉर्निया ही डोळ्याची पुढची काच. मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याच्या साधारण 60 डायॉप्टर पॉवरपैकी 43 च्या आसपास याची एकट्याची! यात रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन थेट हवेतून येतो. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो चोवीस तास पंपासारखं पाणी बाहेर टाकतो, म्हणून ही काच स्वच्छ राहते. पंप बंद पडला की कॉर्निया फुगून पांढरा होतो. आणि आपल्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून आय बँकेत दात्याच्या पेशी मायक्रोस्कोपखाली मोजतात.

पहिलं यशस्वी ऑपरेशन 7 डिसेंबर 1905 रोजी झालं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ते केलं. पेशंटचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. दाता होता 11 वर्षांचा मुलगा, ज्याचा डोळा अपघातानंतर काढावा लागला होता. दोन्हीपैकी एक कलम टिकलं.

आज काय करतात? गोल कटरने खराब कॉर्नियाची सात-आठ मिलिमीटरची चकती काढतात, तेवढीच दात्याची चकती बसवतात आणि केसाहून बारीक नायलॉनने साधारण 16 टाके घालतात. आता तर फक्त खराब थर बदलायच्या पद्धतीही आल्या आहेत. डीमेकमध्ये फक्त आतला पंपाचा थर बदलतात, तर डाल्कमध्ये पंप स्वतःचाच ठेवून पुढचा भाग बदलतात.

मोठ्या माणसांत निकाल कशावर अवलंबून? मूळ आजारावर. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा होण्याच्या आजारात पहिल्या वर्षी दहापैकी नऊ किंवा जास्तच कलमं स्वच्छ राहतात. पण डोळ्यात जंतुसंसर्ग चालू असेल किंवा कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर शक्यता बरीच घटते, कारण रक्तवाहिन्यांच्या वाटेने शरीराची प्रतिकारशक्ती कलमापर्यंत पोचते. नजर लगेच येत नाही. टाके काढायला वर्षभरही लागतं, चष्मा लागतोच. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, दुखणं, नजर कमी होणं यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वेळेवर औषध सुरू झालं तर बऱ्याचदा कलम वाचतं.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा डोळा मऊ, प्रतिकारशक्ती जोरात, टाके लवकर सैल होतात. सैल टाका म्हणजे संसर्गाला आमंत्रण. साधी तपासणीही कधी कधी भूल देऊनच करावी लागते. आणि ‘मला धूसर दिसतंय’ हे सहा महिन्यांचं बाळ सांगणार कसं? शिवाय लहानपणी डोळ्यातून चित्रच गेलं नाही तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नाही. याला अँब्लिओपिया म्हणतात. कॅमेऱ्याची लेन्स नवी, पण प्रोसेसर त्या कॅमेऱ्याचं ऐकतच नाही! म्हणून ऑपरेशन लवकर हवं, आणि नंतर चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, सततच्या फेऱ्या. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून रोजगार बुडवून शहरात येणाऱ्या आईबापांसाठी खरं ऑपरेशन इथे सुरू होतं.

आता आपल्या नाशिककडे बघा. उसाचं पातं किंवा द्राक्षाची काडी डोळ्यात गेली की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात, आणि आपल्या वर्कशॉपमध्येही, ग्राइंडरची ठिणगी आहेच. आणि तंबाखूची चुन्याची पुडी! मुलं ती दाबतात, फुटून चुना थेट डोळ्यात जातो. चुना कॉर्नियाच्या कडेच्या स्टेम सेल्सही जाळतो, त्यामुळे नुसतं कलम अशा डोळ्यात टिकत नाही. असं झालं तर डोळा चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि मगच दवाखाना. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण कॉर्नियाचा पांढरेपणा हेच निघालं.

कारखान्यात कॉर्निया बनवता आला असता तर आपण इंजिनिअर्सनी बनवलाच असता. आजतरी दाता लागतो. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यातलं काहीही अडचण नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. आय बँकेची टीम येईपर्यंत पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही.

फॉर्म भरणं चांगलंच, पण ऐनवेळी फोन करणारे घरचेच असतात. म्हणून आज जेवताना घरी हा विषय काढा. आजी रागावेल कदाचित. तरीपण काढा. आणि ग्राइंडरवर जाताना गॉगल लावा, कारण आपला ओरिजिनल पार्टच सगळ्यात भारी!