लाकडाच्या द्वाड पोराची भयकथा

27 ऑक्टोबर 1881 रोजी रोमहून निघणाऱ्या मुलांच्या एका साप्ताहिकात गोष्टीचा नायक मेला. दाट रान, कोळशाची पोती अंगावर ओढलेले दोन मारेकरी. त्यांनी त्याचे हात पाठीमागे बांधले, गळ्यात फास अडकवला आणि ओकच्या एका थोरल्या झाडाला त्याला लटकवलं. उत्तरेचा वारा सुटला. त्या वाऱ्यात पोर हेलकावे खात राहिलं, बापाच्या आठवणीनं कासावीस झालं, आणि शेवटी त्याचं अंग ताठ पडलं. गोष्ट तिथंच संपली. त्या पोराचं नाव पिनोकिओ.

आपल्या मनातला पिनोकिओ वेगळा असतो. खोटं बोललं की लांब होणारं नाक, पिवळी टोपी, गोंडस चेहरा. हा पिनोकिओ सिनेमातून आलेला. मूळ इटालियन कादंबरीत नाकाचे ते प्रसंग 36 प्रकरणांत मोजकेच आहेत. तिथं भेटतो तो भुकेला, उर्मट, उनाड, दिलेला शब्द न पाळणारा मुलगा, आणि त्याच्या भोवती एक अंधारं, खरोखर भीती वाटावी असं जग. मुलांसाठी लिहिलेल्या भयकथांमध्ये मी या पुस्तकाला फार वरचं स्थान देतो. कारण इथली भीती भुताखेतांची नाही. ती भुकेची, एकटं पडण्याची आणि केल्या कर्माच्या परिणामांची आहे.

लेखकाचं खरं नाव कार्लो लोरेंझिनी. जन्म फ्लॉरेन्सचा, 1826 चा. वडील एका श्रीमंत सरदार घराण्यात आचारी, आईही त्याच घराण्याच्या चाकरीत. दहा भावंडांत कार्लो थोरला, आणि त्यातली बरीच भावंडं लहानपणीच गेली. ‘कोलोदी’ हे त्यानं घेतलेलं टोपणनाव म्हणजे तस्कनीतल्या पेशा गावाजवळचं त्याच्या आईचं खेडं. 1848 आणि 1859 च्या स्वातंत्र्ययुद्धांत तो स्वयंसेवक म्हणून लढला, ‘इल लांपिओने’ नावाचं उपहासात्मक वृत्तपत्र काढलं, नाटकं लिहिली, पत्रकारिता केली. मुलांच्या साहित्याकडे तो उतारवयात वळला. आधी फ्रेंच लेखक पेरोच्या परीकथांचं भाषांतर, मग शाळेसाठी वाचनाची पुस्तकं. इटली एक राष्ट्र झालं 1861 मध्ये, तेव्हा दर चार माणसांत साधारण तिघांना लिहितावाचता येत नव्हतं. 1877 च्या कायद्यानं सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली. शाळा बुडवणारं पोर हा त्या काळच्या नव्या राष्ट्राचा मोठाच प्रश्न होता.

‘जोर्नाले पेर इ बांबिनी’ हे साप्ताहिक 7 जुलै 1881 रोजी सुरू झालं आणि पहिल्या अंकापासून त्यात ‘एका बाहुल्याची गोष्ट’ छापून येऊ लागली. संपादक होते फेर्दिनांदो मार्तिनी. कोलोदी तेव्हा 54 वर्षांचा होता.

बाहुल्याचा व्रात्यपणा लाकडात असल्यापासूनच सुरू होतो. ओंडका बोलतो, भांडण लावून देतो, दोन म्हाताऱ्या दोस्तांना एकमेकांचे टोप उपटायला लावतो. त्याला घडवणारा त्याचा बाप जेपेत्तो डोळे कोरतो तर ते त्याच्याकडेच टक लावून बघतात. नाक कोरतो तर ते थांबेचना. तोंड पुरतं होण्याआधीच हसायला लागतं. हात तयार झाले की पहिलं काम बापाच्या डोक्यावरचा टोप ओढण्याचं, पाय तयार झाले की पहिली लाथ बापाच्याच नाकावर. मग पळ. पोलीस त्याला पकडतो, पण बघ्यांच्या बोलण्यावरून तुरुंगात जातो तो बिचारा जेपेत्तो.

आणि चौथ्या प्रकरणात तर खूनच. शंभराहून जास्त वर्षं त्या खोलीत राहिलेला एक बोलका रातकिडा पिनोकिओला चार समजुतीच्या गोष्टी सांगतो. पिनोकिओ चिडून लाकडी हातोडा फेकतो, आणि रातकिडा भिंतीला चिकटून मरून राहतो. बालसाहित्यात उपदेश करणाऱ्या पात्राचा इतका झटपट निकाल क्वचितच कुणी लावला असेल. पुढे एका काळ्याकुट्ट रात्री त्याच रातकिड्याची छाया झाडाच्या बुंध्यावर फिकट उजेडात दिसते आणि पुन्हा तोच सल्ला देते. पोरगा पुन्हा ऐकत नाही.

भीतीचा कळस यानंतर लगेच येतो. मारेकऱ्यांपासून जीव घेऊन पळणाऱ्या पिनोकिओला रानात एक पांढरंशुभ्र घर दिसतं. तो दार ठोठावतो, लाथा मारतो, डोकं आपटतो. खिडकीत एक मुलगी येते. निळे केस, मेणासारखा पांढरा चेहरा, डोळे मिटलेले, हात छातीवर जुळवलेले. ओठ न हलवता ती सांगते की या घरात कुणी नाही, सगळे मेले आहेत. ती स्वतःही मेलेली आहे आणि आपल्याला न्यायला येणाऱ्या तिरडीची वाट पाहते आहे. खिडकी बंद होते. मारेकरी येऊन पोहोचतात. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या कितीतरी भयकथांमध्ये मला या तोडीचं पान सापडलेलं नाही.

कोलोदीला गोष्ट तिथंच संपवायची होती. पण बालवाचकांना तो शेवट मान्य नव्हता, संपादकांनीही आग्रह धरला, आणि 16 फेब्रुवारी 1882 पासून ‘पिनोकिओची साहसं’ या नावानं गोष्ट पुन्हा सुरू झाली. ती 25 जानेवारी 1883 पर्यंत चालली. हा जोड आजही पुस्तकात स्पष्ट दिसतो. पंधराव्या प्रकरणातली मेलेली मुलगी सोळाव्यात हजार वर्षांहून अधिक काळ त्या रानात राहणारी परी होते. ती लटकलेल्या पोराला उतरवून आणते, तीन वैद्य बोलावते, आणि त्या वैद्यांत तो रातकिडाही असतो. मुलांनी एका पात्राचा जीव वाचवला, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं.

गोष्ट पुढे गेली म्हणून कोलोदी मवाळ झाला नाही. कडू औषध प्यायला नकार दिला तर चार काळे ससे खांद्यावर शवपेटी घेऊन खोलीत येतात. लबाड कोल्हा आणि मांजर सोन्याची नाणी लुबाडतात. पोरगा न्याय मागायला जातो, तर न्यायाधीश असलेला म्हातारा गोरिला सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि फसवला गेल्याबद्दल त्यालाच कोठडीत टाकतो. चार महिन्यांनी कैद्यांना माफी मिळते, तेव्हा आपणही गुन्हेगारच आहोत असं सांगितल्यावर त्याची सुटका होते. वांड पोराला अद्दल घडवणारी पुस्तकं त्या शतकात पुष्कळ निघाली. मोठ्यांचं जगही किती अन्यायी आहे हे त्याच पोराला दाखवणारं पुस्तक मात्र विरळाच.

गरिबीचंही तसंच. जेपेत्तोच्या घरात चूल आहे, पण तिचा जाळ भिंतीवर रंगवलेला. पातेलंही रंगवलेलं आणि त्यावरची वाफही. भुकेनं वेडापिसा झालेला पिनोकिओ त्या चित्रातल्या पातेल्याकडे धाव घेतो. बाप आपल्या वाटच्या तीन नाशपाती त्याला देतो. आधी साली नकोत म्हणणारा हा पोरगा शेवटी साली आणि गाभेही खाऊन टाकतो. अंकलिपीसाठी बापानं थंडीच्या दिवसांत अंगातला कोट विकलेला असतो, आणि ती अंकलिपी विकून पोरगा बाहुल्यांचा खेळ बघायला जातो. इथं वाचणाऱ्याच्या पोटात जे कालवतं, त्याला कुठल्याही राक्षसाची गरज लागत नाही.

खेळण्यांच्या देशाचा भाग तर मोठ्यांनी आवर्जून पुन्हा वाचावा. मध्यरात्रीच्या सुमाराला एक गाडी येते. चाकांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्यामुळे आवाज नाही. गाडीला चोवीस गाढवं, आणि त्यांच्या पायांत माणसांसारखे पांढरे बूट. गाडीवान गोलमटोल, लोण्यासारखा मऊ, गोड बोलणारा. एक गाढव पिनोकिओला धडक देऊन पाडतं, तो जवळ जातो, आणि चुंबन घेतल्याचं दाखवत त्याचा अर्धा कान चावून तोडतो. पाच महिने शाळा नाही, अभ्यास नाही, नुसता धुडगूस. मग एका सकाळी डोक्यावर लांब कान उगवतात. पिनोकिओ गाढव होतो, सर्कशीत विकला जातो, लंगडा होतो. मग ढोलाला कातडं हवं म्हणून कुणीतरी त्याला विकत घेऊन समुद्रात बुडवतो.

ज्याच्या नादानं तो तिथं गेला, त्या लुचिन्योलोची गोष्ट याहून करुण आहे. शेवटच्या प्रकरणात आजारी बापाला पेलाभर दूध मिळावं म्हणून पिनोकिओ एका माळ्याकडे रहाट ओढतो. पूर्वी तो रहाट ओढणारं गाढव गोठ्यात शेवटच्या घटका मोजत असतं. पिनोकिओ त्याला गाढवांच्या बोलीत नाव विचारतो. ते आपलं नाव सांगतं आणि डोळे मिटतं. लुचिन्योलोला कुठली परी भेटत नाही. एक मुलगा सुधारला आणि दुसरा मेला, हे कोलोदी एकाच प्रकरणात सांगतो आणि दुसऱ्याचं दुःख लपवत नाही.

पुस्तकरूपात कादंबरी 1883 मध्येच फ्लॉरेन्सहून निघाली, एन्रिको मात्सांतीच्या चित्रांसह. कोलोदी 1890 मध्ये वारला. आपलं पुस्तक जगभर गाजलेलं त्याला पाहता आलं नाही. 1892 च्या सुमाराला इंग्रजी भाषांतर आलं, आणि 1940 मध्ये डिस्नेचा चित्रपट. चित्रकला आणि संगीत म्हणून तो चित्रपट मोठाच आहे. पण त्यात रातकिडा मरत नाही, उलट टोपी घालून गाणी म्हणतो, आणि पिनोकिओ द्वाड न राहता भोळा होतो. भोळा मुलगा फसला तर आपल्याला दया येते. द्वाड मुलगा फसला तर त्याच्यात आपण स्वतःला ओळखतो. गियेर्मो देल तोरोच्या 2022 च्या चित्रपटात मृत्यू आणि हट्टीपणा पुन्हा मध्यभागी आले, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

मुलांना भीती वाटेल म्हणून ही कादंबरी कापूनछाटून देणाऱ्यांशी माझं पटत नाही. रात्री शेजारी बसून, एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं तर मुलं ती भीती नीट पेलतात आणि पुढचं प्रकरण मागतात. 1881 मध्येही त्यांनी तेच केलं होतं. म्हणून एक विनंती आहे. पिनोकिओ विकत घेताना पुस्तक उघडून पाहा. प्रकरणं 36 आहेत ना, रातकिडा चौथ्या प्रकरणात मरतो ना, लुचिन्योलो शेवटी गोठ्यात भेटतो ना, एवढं तपासा. नसेल तर दुसरी आवृत्ती मागा.