फाटकापासून पन्नास मीटर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत पन्नास मीटर हे काही मोठे अंतर नव्हे. दुकानांची एक रांग आणि गल्लीचे एक वळण, एवढ्यात ते संपते. परंतु भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनी या अंतरास कायद्याचे महत्त्व आले आहे. १ जुलै २०२१ पासून हे नियम लागू आहेत. शाळेच्या आवारात आणि तिच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत; त्यांची जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने तर मे २०१७ मध्येच शालेय उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर, केक असे पदार्थ बाद करण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यांच्या जागी पोळी-भाजी, उपमा, इडली-सांबार, नारळपाणी यांसारखे पदार्थ सुचवले होते.

नियम असे स्पष्ट आहेत. ते मनापासून पाळले जावेत अशी इच्छा कोणाची आहे, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपल्या समाजाने स्वतःस विचारावयास हवा. कारण शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आपली माणसे आहेत, इमारतींवरील देणगीदारांच्या फलकांत आपली नावे आहेत, वर्गांत आपली नातवंडे आहेत आणि फाटकासमोरच्या दुकानांतही कित्येकदा आपलेच बांधव बसलेले असतात.

खात्यापित्या घरातील गुटगुटीत मूल पाहून आजही कौतुकाचे उद्गार निघतात. ज्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिले त्यांचे हे कौतुक स्वाभाविक होते. आता परिस्थिती पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये देशात २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात याच काळात ते १.९ वरून ४.१ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. टक्केवारी लहान दिसली तरी वाढीचा वेग लहान नाही.

त्यातही आपल्या देहाची ठेवण निराळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही नवजात बालके वजनाने हलकी, पण त्या मानाने अधिक चरबी बाळगणारी आढळली. तेव्हा सडपातळ दिसणाऱ्या मुलाविषयीही निर्धास्त राहता येत नाही. कमी खाणे एवढाच यावरचा उपाय नव्हे. स्नायू घडतील इतकी हालचालही हवी. मुलाच्या जागेपणीचा मोठा भाग शाळेत जातो. म्हणून शाळेचे उत्तरदायित्व मोठे आहे.

पहिला विषय उपाहारगृहाचा. पुष्कळ ठिकाणी त्याचा ठेका सर्वाधिक भाडे देणाऱ्यास मिळतो. व्यापाऱ्यास याचा परिणाम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भाडे जड झाले की ज्या मालात श्रम कमी, नासाडी नाही आणि उठाव हमखास, तोच माल ठेकेदार ठेवणार. ताजा उपमा संध्याकाळी टाकून द्यावा लागतो; वेफर्सचे पाकीट महिनोन्महिने टिकते. म्हणजे भाड्याचा आकडा ठरला की खाद्यपदार्थांची यादीही बहुतांशी ठरून जाते. समितीने भाडे निम्मे करावे आणि त्या बदल्यात पदार्थांची यादी, तेलाचे प्रमाण व किंमत करारात लिहून घ्यावी. शासनाच्या शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलास एका जेवणासाठी ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलास ७.५ ग्रॅम तेल ठरवून दिले आहे. वेफर्सच्या ५० ग्रॅमच्या पाकिटात साधारण १६ ग्रॅम स्निग्धांश असतो. गरिबाच्या मुलाच्या ताटातील तेल मोजले जाते आणि शुल्क भरणाऱ्या मुलाच्या तोंडी काय जाते हे कोणी पाहत नाही, ही विसंगती आपण तरी चालू देऊ नये.

दुसरा विषय मैदानाचा. पाच ते सतरा वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे खेळाचा तास गणितास किंवा चाचणीस सर्वांत आधी बळी पडतो आणि पालकसभेत त्याविरुद्ध आवाज उठत नाही. पेठेतील शाळांना मैदान कोठून आणावे, असे म्हटले जाते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये यावर साधा मार्ग काढला. प्रत्येक वर्गाने रोज पंधरा मिनिटे बाहेर येऊन, आहे त्याच कपड्यांत, आपापल्या गतीने धावावे किंवा चालावे. गणवेश बदलणे नाही, साहित्य नाही, स्पर्धा नाही. ‘डेली माइल’ या नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. चौकाचे अंगण असलेल्या शाळेतही हे साधते. सोलापूरच्या उन्हाचा विचार करून सकाळची पहिली वेळ त्यासाठी राखावी.

तिसरा विषय मोजमापाचा. येथे मोठा विवेक लागतो. सिंगापूरने १९९२ मध्ये शाळांतून अतिवजनी मुलांना वेगळे काढून व्यायाम देण्याची योजना आरंभली. पण वेगळे काढल्याने मुलांची चेष्टा होऊ लागली, अशी टीका झाली. अखेर २००७ मध्ये ती योजना गुंडाळून सर्वच विद्यार्थ्यांसाठी सर्वांगीण आरोग्याचा कार्यक्रम स्वीकारावा लागला. ‘ढोल्या’ म्हणून हिणवलेले मूल मैदानाकडे वळत नाही, उलट कोपरा धरते. म्हणून वर्षातून दोनदा सर्वच मुलांची उंची व वजन एकांतात मोजावे आणि नोंद बंद पाकिटातून पालकांकडे जावी. प्रौढांचे निकष मुलांना लावू नयेत. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे वाढीचे तक्ते २०१५ पासून उपलब्ध आहेत. त्यांचाच आधार घ्यावा.

शाळेने इतके केले तरी घराने व दुकानाने हात दिला नाही तर ते टिकणार नाही. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटे वाटण्याऐवजी फळे, गूळ-शेंगदाणे किंवा वाचनालयास एक पुस्तक द्यावे. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे आपल्या जिल्ह्याचे अन्न डब्यातून हद्दपार होऊ देऊ नये. शिकवणीच्या वेळा अशा असाव्यात की मूल सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवू शकेल. अन्यथा घरातील चौविहार मोठ्यांपुरता उरतो आणि मुले शिकवणीच्या दारातील गाड्यावर भूक भागवतात. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे हे आपल्या परंपरेत ऊनोदर तप मानले आहे. ते मुलांना आज्ञेने नव्हे, आपल्या ताटाकडे पाहून समजेल.

आणि पन्नास मीटरच्या आत ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी दर्शनी भागातील वेफर्सच्या माळा उतरवून तेथे भाजके फुटाणे, खारीक, राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. आरंभी गल्ल्यात काही रुपये कमी येतील. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी समितीच्या बैठका होतील. ठेक्याचे भाडे, खेळाचा तास आणि उंची-वजनाची नोंद हे तीन विषय त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घेणे आपल्याच हाती आहे.