काट्यावर न दिसणारी झीज

१९३८ च्या सुरुवातीला विनोबा भावे नालवाडीत होते, तेव्हा त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आले होते. वय बेचाळीस. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी ते जवळच धाम नदीकाठी पवनारला गेले आणि रोज थोडे थोडे खणू लागले. वेळ हळूहळू वाढवत नेली. काही महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. पुढे १९५१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, हाच माणूस भूदानासाठी पायी निघाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ चालत राहिला.

बसून वाढलेले वजन आणि राबून वाढलेले वजन एक नव्हे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. साठीनंतर झीज वेग घेते. त्या जागी चरबी येते, तीही बहुधा पोटाभोवती. अंगातले पाणी घटते, म्हणून उन्हाळा म्हाताऱ्यांना लवकर बाधतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. धडधाकट माणसालाही हे चुकत नाही.

म्हणून शिबिराच्या कार्डावर आजीचे वजन सलग तीन वर्षे ४२ किलो दिसले, तरी निश्चिंत होऊ नये. ती जमिनीवरून हात न टेकता उठते का, ते पाहावे. एक सोपी चाचणी आहे : हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठायचे-बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद उतरली आहे. (बाज फार खाली असते, शाळेतून खुर्ची मागून आणावी.)

आपल्या पोडांवर आणि टोल्यांवर म्हातारी माणसे शेवटपर्यंत राबतात. झीज झपाट्याने होते ती "आता बस घरी" असे लेकाने मायेने म्हटल्यावर, किंवा तापाने दहा दिवस अंथरूण धरल्यावर. ताप उतरला की आजीला अंगणात चालवावे, हलकी कामे परत हातात द्यावीत.

आणि ताटाकडे पाहावे. डाळ नातवंडांना, वरचे पाणी आजीला, असे अनेक घरांत चालते. ४२ किलोच्या आजीला दिवसाला निदान ४२ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसच्या आसपास. दात नसतील तर घट्ट वरण, मऊ शिजवलेली चवळी, काटे काढलेली मासळी द्यावी. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.